धार समोर काढून घ्या : 'एआय'वाला फोन किंवा लॅपटॉप दुकानात कसा तपासायचा

मार्केट यार्डातले एक गुळाचे अडते आमचं जुनं गिऱ्हाईक. सगळा यार्ड त्यांना आण्णा म्हणतो, मीही म्हणते. गेल्या साली गुळाचा हंगाम तोंडावर आला असताना ते दुकानात आले, काउंटरवर नवाकोरा मोबाईल ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्यो फोन कन्नड बोलंना की ओ."

आण्णांचा निम्मा धंदा निपाणी, संकेश्वर, गोकाक बाजूच्या लोकांशी. कन्नड जाणणारे त्यांचे दिवाणजी वय झालं म्हणून घरी बसले होते. त्यातच पोरानं एक जाहिरात दाखवली: इकडचा माणूस आपल्या भाषेत बोलतोय, पलीकडच्याला त्याच्या भाषेत ऐकू जातंय, दोघंही हसतायत. आण्णांनी बासष्ट हजार मोजले. फोन आमच्याच दुकानातून गेला, आणि "कॉलचं भाषांतर हुतंय न्हवं ह्यात?" असं त्यांनी विचारल्यावर "होतं की" म्हणणारी मीच होते.

फीचर फोनमध्ये होतंच. पण मी आणि आण्णा सेटिंग उघडून भाषांची यादी बोटानं खाली सरकवत गेलो. इंग्रजी होती, तीही वेगवेगळ्या देशांची. हिंदी होती. कोरियन, पोलिश, थाई, व्हिएतनामी होती. मराठी नव्हती, कन्नड नव्हती. आण्णांनी यादी परत वर नेली, परत खाली आणली. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग जाहिरात मराठीत कशी हुती?"

जाहिरात मराठीत डब केलेली होती. फोनला मराठी येत नव्हतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं मोबाईल-लॅपटॉपचं दुकान सतरा वर्षं आहे. रिपेअरिंग भाऊ बघतो, काउंटर मी. बिघडून परत आलेल्या वस्तू पुष्कळ पाहिल्या. अलीकडे मात्र वस्तू धडधाकट आणि माणूस नाराज, असं दिसायला लागलंय. कॅमेरा झकास, बॅटरी दिवसभर टिकते, तरी गिऱ्हाईक म्हणतं "फसलो". ज्या एका गोष्टीसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजले, तीच त्याच्या कामाची निघत नाही. आण्णांनंतर मी काउंटरवरची पद्धत बदलली. ती इथं लिहितेय, म्हणजे तुम्ही कुठल्याही दुकानात गेलात तरी वापरता येईल.

गंगावेशीत संध्याकाळी दूध प्यायला गेला असाल तर ठाऊक असेल. म्हशी समोर उभ्या असतात, गवळी तुमच्यादेखत धार काढतो आणि फेसाळलेला ग्लास हातात देतो. पाणी किती घातलंय हे विचारावंच लागत नाही. एआयच्या वस्तूची धारही अशीच समोर काढून घ्यायची.

घरातून निघताना चिठ्ठी लिहा

किराण्याची यादी करतो तशी कामांची करा. तीन कामं पुरेत, पण ती तुमच्या शब्दांत हवीत. 'एआय पाहिजे' हे काम झालं नाही. 'संकेश्वरच्या माणसाशी फोनवर दर ठरवायचाय', 'हातानं लिहिलेल्या पावत्या वहीत चढवायच्यात', 'आईला डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवायचीय', अशी लिहा. प्रत्येकापुढं तीन गोष्टी टाका: भाषा कुठली, वापरणार कोण, आणि वापरायचं कुठं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. राजारामपुरीत चालणारी गोष्ट गगनबावड्यात रेंज गेल्यावर चालेलच असं नाही.

ही चिठ्ठी का लागते ते सांगते. जाहिरातीतली क्रियापदं नीट वाचा: समजतो, सुचवतो, लिहितो, सोपं करतो. काय लिहितो? कुणासाठी? कुठल्या भाषेत? यातलं काहीच नसतं. २०२२ च्या ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं आणि मोठ्या कंपन्यांमध्ये मागं पडू या भीतीनं पळापळ सुरू झाली. आधी यंत्र हाताशी आलं आणि मग त्याला काम शोधायला सुरुवात झाली. एरवी गिऱ्हाइकाची अडचण आधी असते, वस्तू नंतर येते. इथं उलटं झालं. २०२६ च्या जानेवारीत डेल कंपनीच्याच माणसांनी मोकळेपणानं सांगितलं, की लोक एआयकडं बघून लॅपटॉप घेत नाहीत, उलट त्या शब्दानं त्यांचा गोंधळच जास्त होतो. काउंटरच्या अलीकडून मला ते आधीपासून दिसत होतं, पण वस्तू बनवणाऱ्यानं ते म्हणावं याला किंमत आहे.

म्हणून चिठ्ठी. ती हातात असली की माझ्यासारख्या विकणाऱ्यालाही "होतं की" म्हणून सुटता येत नाही.

जाहिरातीतली चांदणी शोधा

मोठ्या अक्षरांतल्या दाव्याच्या शेवटी एक बारीक चांदणी असते. तिची जोडीदारीण खाली अगदी छोट्या अक्षरांत सापडते. आधी ती वाचायची. तिथं 'निवडक भाषा', 'निवडक प्रदेश', 'लवकरच', 'बीटा', 'खातं आवश्यक', 'इंटरनेट आवश्यक', 'दृश्ये प्रातिनिधिक' असं काही दिसलं, की त्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विक्रेत्याला विचारा: माझ्या भाषेत? भारतात? आज?

'आज' हा शब्द का महत्त्वाचा, ते ॲपलच्या उदाहरणावरून नीट कळतं. जून २०२४ मध्ये कंपनीनं 'ॲपल इंटेलिजन्स' जाहीर केलं. सप्टेंबरात आयफोन १६ त्याच नावावर बाजारात आला. पण फोन खोक्यातून काढला तेव्हा त्यात ते नव्हतं. पहिली काही फीचर्स ऑक्टोबरच्या अखेरीस अपडेटमधून आली, तीही आधी अमेरिकी इंग्रजीत. भारतीय इंग्रजीला पुढच्या वर्षीचा मार्च-एप्रिल उजाडला. आणि ज्या सिरीला, म्हणजे आयफोनमधल्या बोलणाऱ्या मदतनिसाला, तुमच्या मेल, मेसेजमधलं सगळं समजेल म्हणून दाखवलं होतं, ती लांबणीवर पडल्याचं कंपनीनं मार्च २०२५ मध्ये कबूल केलं आणि तिची जाहिरात मागं घेतली. पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं 'आत्ता उपलब्ध' हे शब्द बदलावेत अशी शिफारस केली. आयफोन १६ हा फोन म्हणून चांगला आहे, मी स्वतः विकलाय. पण वर्षभर पुढच्या गोष्टीचे पैसे आज घेतले गेले, हे त्या गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून बघितलं की नाराजी समजते. त्यातही आधीच्या वर्षीचा साधा आयफोन १५ घेतलेल्यांना तर ते मिळणारच नव्हतं. फक्त १५ प्रोवाल्यांना मिळालं.

गुगलचीही गोष्ट सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये जेमिनी या त्यांच्या एआयचा एक व्हिडिओ आला. माणूस चित्र काढतोय, वस्तू हलवतोय आणि यंत्र बघून लगेच बोलतंय. लोक थक्क झाले. मग उघड झालं, की प्रत्यक्षात स्थिर फोटो आणि टाईप केलेले प्रश्न देऊन उत्तरं मिळवली होती. उत्तराला लागणारा वेळ कमी करून दाखवल्याचं आणि उत्तरं छोटी केल्याचं व्हिडिओखाली लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं हे खरं, पण ते वाचलं किती जणांनी? म्हणून म्हणते, व्हिडिओ बघितलात तर त्याच्या खालचा मजकूरही उघडून बघा.

आपल्याकडं यावर नियम आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारनं ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. खालचा खुलासा वरच्या दाव्याच्याच भाषेत हवा, अक्षरंही दाव्यासारखीच हवीत, आणि खुलाशाचा आडोसा घेऊन महत्त्वाची माहिती लपवता येत नाही, असं त्यांत आहे. दावा मराठीत आणि चांदणी इंग्रजीत, असा फलक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा.

धार समोर

आता दुकानात. डेमोचा फोन हातात घ्या. विक्रेता कंपनीनं शिकवलेलं दाखवायला लागेल: फोटोतला माणूस पुसणं, इंग्रजी मेल लिहिणं. ते त्याला दाखवू द्या, त्याचंही पोट आहे. मग तुमची चिठ्ठी काढा.

पहिली गोष्ट, भाषांची यादी. जे फीचर हवंय त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. 'मराठी' दोन ठिकाणी असते, हे लक्षात घ्या. फोनचा मेनू मराठीत असणं वेगळं आणि एआयला मराठी येणं वेगळं. कीबोर्ड मराठी असला, आयकॉनखाली मराठी नावं असली, तरी कॉल भाषांतर किंवा सारांश मराठीत होईल असा अर्थ नाही. आण्णांच्या वेळी मी इथंच चुकले.

दुसरी, तुमची बोली. पुस्तकातलं वाक्य बोलू नका. घरी, यार्डात, रानात बोलता तसं बोला. मी प्रत्येक नवीन फोनला एकच वाक्य ऐकवते: "पावणं, गुळाचं पन्नास रवं उद्या सांच्याला धाडा, पैसं सोमवारी देतो." एका फोननं लिहिलं, "पाहुणे गुळाचे पन्नास रुपये उद्या सांगायला धडा पैसे सोमवारी देतो." रवे म्हणजे गुळाच्या ढेपा. पन्नास रव्यांचे पन्नास रुपये झाले. असा निरोप खरंच गेला असता तर व्यवहार कुठं गेला असता, विचार करा. दुसऱ्या एका फोननं, ज्याच्यावर एआयचा साधा उल्लेखही नव्हता, गुगलच्या कीबोर्डवर हेच वाक्य एका शब्दाच्या चुकीनं लिहिलं. तो कीबोर्ड २०१७ पासून मराठी ऐकतोय.

असं का होतं? ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर शिकतात आणि जगभरचा लिहिलेला मजकूर बहुतांश इंग्रजी आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर लोक होते, पण त्या मानानं इंटरनेटवर मराठी फार थोडी. जी आहे ती बातम्यांची, सरकारी, पुस्तकी. कागलच्या, राधानगरीच्या माणसाच्या तोंडची मराठी त्यात कुठून येणार? शिवाय यंत्र शब्द तुकड्यांत तोडून वाचतं. देवनागरी शब्दाचे तुकडे इंग्रजी शब्दापेक्षा जास्त पडतात, म्हणून वेळही जास्त लागतो आणि कंपनीचा खर्चही. यात आपल्या बोलण्यात काही खोट नाही. अनेक गिऱ्हाइकं, विशेषतः बायका, फोनला समजलं नाही की "माझंच बोलणं गावंढळ" असं म्हणतात. मला ते ऐकवत नाही. त्यांना मी सांगते, वहिनी, तुमचं बोलणं बरोबर आहे, त्याचं शिक्षण अपुरं आहे.

तिसरी, विमान मोड. वरची पट्टी खाली ओढा, विमानाचं चिन्ह दाबा, वायफायही बंद करा आणि तेच फीचर परत चालवा. चाललं तर काम फोनमध्येच होतंय. 'इंटरनेट तपासा' आलं, तर तुमचा आवाज, फोटो, कागद कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, जाऊन परत येतोय. यात वाईट असं काही नाही, पण दोन गोष्टी कळतात: रेंज नसेल तिथं ते चालणार नाही, आणि त्यासाठी महागाच्या फोनची गरज नाही. सर्व्हरवर होणारं काम स्वस्त फोनही करून घेतो.

चौथी, हाताची पावती. हे गुजरीतल्या, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांनी जरूर करावं. तुमच्या नेहमीच्या अक्षरातली, मराठी आकड्यांची एक पावती खिशात घेऊन जा. फोटो काढा आणि रक्कम वाचायला सांगा. मराठी एक आणि इंग्रजी नऊ किती सारखे दिसतात ते तेव्हा ध्यानात येतं. आमच्या शेजारच्या भांडीवाल्या काकांच्या पावतीवर ११५० होते. यंत्रानं ते ९९५० वाचले आणि अगदी नीटनेटका तक्ता करून दिला. तक्ता इतका सुंदर होता की काकांनी आकडा बघितलाच नाही, मुलीनं बघितला. म्हणून बेरीज स्वतः करून बघायची, निदान दुकानात तरी.

पाचवी गोष्ट लोकांना विचित्र वाटते, पण मी ती सोडत नाही. तुम्हाला पक्कं ठाऊक असलेलं काही विचारा आणि बरोबर उत्तर आल्यावर त्याला चुकीचं सांगून बघा. मी विचारते, राजर्षी शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखीव ठेवण्याचा हुकूम कधी काढला? २६ जुलै १९०२, हे आपल्याकडं शाळेतलं पोरही सांगेल. यंत्रही बहुधा बरोबर सांगतं. मग मी म्हणते, "नाही, १९१२ ना?" काही यंत्रं ठाम राहतात. काही लगेच माफी मागून १९१२ म्हणतात आणि वर दोन ओळी रचून देतात. ही यंत्रं पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत बोलतात. ठाऊक असलेलं आणि रचलेलं, दोन्ही त्याच आवाजात सांगतात. तुमच्या होला हो मिळवणारं यंत्र औषधाची चिठ्ठी वाचायला द्यायचं का, हे तुम्ही तिथंच ठरवा.

लॅपटॉपवरचा स्टिकर

कॉलेजची मुलं आणि सीएच्या ऑफिसातली माणसं 'एआय लॅपटॉप' विचारत येतात. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' अशी वेगळी जात ठरवली. त्यासाठी किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी, एआयच्या कामासाठीची एनपीयू नावाची वेगळी चिप लागते. साध्या 'एआय' स्टिकरला असं काही बंधन नाही, म्हणून दोन्हीत गल्लत करू नका.

मग बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सवर जा, डावीकडं एनपीयूचा आलेख दिसेल. आता ब्राउझरमध्ये चॅटजीपीटी उघडून एक मोठा निबंध लिहून घ्या. आलेख शून्यावर पडून राहतो, कारण ते काम हजारो मैलांवरच्या सर्व्हरवर होतंय. मग कॅमेरा चालू करून मागची भिंत पुसट करणारं फीचर लावा. आलेख उठतो. आमच्या काउंटरवर हे बघून एका मुलीनं विचारलं, "म्हणजे मी प्रोजेक्ट लिहिणार त्याला ही चिप लागतच नाही?" नाही लागत. तिनं उरलेल्या पैशांत रॅम वाढवून घेतली. आणि रॅमचं म्हणाल तर २०२५ च्या अखेरीपासून ती भयंकर महागली आहे, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडं वळलाय. ज्याला एआयशी काही देणंघेणं नाही, त्या टायपिंगवाल्या माणसालाही रॅम महाग घ्यावी लागते, हे मला फार लागतं.

वॉशिंग मशीन, एसी, फ्रिज यांवरच्या एआयबद्दल थोडक्यात: कपड्यांचं वजन बघून पाणी ठरवणं जुनंच आहे. माझ्या लहानपणी वडिलांनी घेतलेल्या मशीनवर 'फझी लॉजिक' लिहिलेलं असायचं. बटण बंद-चालू करून धुण्याच्या वेळेत आणि पाण्यात फरक पडतो का तेवढं विचारा, बाकी वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर गावात आहे का ते बघा.

फुकट किती दिवस, आणि बंद कुठून होतं

हे दोन प्रश्न बिल करायच्या आधी. २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ बरोबर सॅमसंगनं दिलेल्या तळटीपेत एआयची फीचर्स २०२५ च्या अखेरपर्यंत फुकट, असं छापलेलं होतं. पुढचं तेव्हा लिहिलेलं नव्हतं. ह्युमेन कंपनीची छातीला लावायची एआय पिन ६९९ डॉलरना विकली गेली, वर महिना २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचा बराचसा भाग एचपीनं घेतला आणि महिनाअखेरीस त्या पिना निकामी झाल्या. ऑस्ट्रेलियात मायक्रोसॉफ्टनं वर्ड-एक्सेलच्या वर्गणीत कोपायलट हे आपलं एआय घालून दर वाढवला. कोपायलट नसलेला जुना, स्वस्त पर्याय गिऱ्हाइकापासून लपवला, असा आरोप करत तिथल्या ग्राहक नियामकानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टात दावा लावला. वर्गणी रद्द करायला गेलं तरच तो पर्याय दिसायचा, असं त्यांचं म्हणणं. यातून घ्यायचं ते एवढंच: वर्गणी वाढली की आधी 'रद्द करा'पर्यंत जाऊन बघा, वाटेत काय दिसतंय ते.

बंद करण्याबद्दल सीए, वकील, डॉक्टरांच्या ऑफिसातल्यांनी जास्त लक्ष द्यावं. मायक्रोसॉफ्टचं रिकॉल हे फीचर स्क्रीनचे फोटो घेत राहतं, म्हणजे नंतर शोधता यावं. २०२४ मध्ये सुरक्षा तज्ज्ञांनी त्यातल्या त्रुटी दाखवल्यावर ते थांबवलं गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये आपण परवानगी दिली तरच चालू होईल असं करून आणलं. तुमच्या स्क्रीनवर दुसऱ्याचं पॅन, दुसऱ्याचा आजार दिसत असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग रिकॉल अँड स्नॅपशॉट्स, तिथं जाऊन ते बंद आहे याची खात्री करा. फोनवर नोटिफिकेशनचे सारांश येत असतील तर बँकेच्या आणि बातम्यांच्या ॲपसाठी ते बंद ठेवलेले बरे. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या अशाच सारांशानं बीबीसीच्या नावावर चुकीची बातमी दाखवली, बीबीसीनं तक्रार केली आणि जानेवारीत कंपनीला बातम्यांचे सारांश थांबवावे लागले.

घेऊन झालाय, आणि फसल्यासारखं वाटतंय

तर बिल, खोका आणि जाहिरात हे तिन्ही जपा. जाहिरात ऑनलाइन असेल तर आजच्या आज स्क्रीनशॉट घ्या, कारण ती बदलते. आधी कंपनीला लेखी तक्रार करा. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, मराठीतूनही बोलता येतं. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, काम कोल्हापुरातच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तशीच जाहिरात केली तर ५० लाखांपर्यंत.

आण्णांच्या वतीनं मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की फीचर निवडक भाषांसाठी आहे आणि तसं संकेतस्थळावर नमूद आहे. पुढं जाऊ या म्हटलं तर आण्णा नको म्हणाले, हंगाम होता, त्यांना वेळ नव्हता. पण त्यांचं काम तर अडलेलंच होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचा जुना फोन आणा.

तो नऊ हजारांचा, काच तडकलेला फोन. त्यात गुगलचं भाषांतराचं ॲप टाकलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड ठेवलं. आण्णांना सांगितलं, थोडं हळू बोला, एका वेळी एकच वाक्य, आणि आकडा असेल तर शेवटी स्वतः टाईप करा. त्यांनी संकेश्वरच्या माणसाला निरोप पाठवला: पन्नास रवे, उद्या संध्याकाळपर्यंत. आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत बसलो. चहा आला, निवला. मग पलीकडून बोलून पाठवलेला निरोप आला, "सरि, कळिस्तेनि." ॲपपुढं धरला, खाली मराठीत उमटलं, ठीक आहे, पाठवतो.

आण्णांनी तो निरोप दोनदा ऐकला. मग बासष्ट हजारांचा फोन उचलून हातात धरला आणि विचारलं, "हे जुन्यावर आधीपास्नंच हुत हुतं?"

"होत होतं, आण्णा," मी म्हणाले. "मी विचारायला पाहिजे होतं तुम्हाला, कशासाठी पाहिजे म्हणून."